शेपटीवरचे पांढरे पट्टे

न्युरेम्बर्ग
रविवार, ७ एप्रिल २०२४

आत्या, नमस्कार.

चार वर्षांनी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू पहिल्या ओळीतच ओळखशील. आहेच काम. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून ईमेल.

एर्लांगेनचा माझा मित्र मधू मे महिन्यात चिपळूणला, त्याच्या घरी येतोय. परतताना लांज्याला तुझ्याकडे डोकावेल. त्याच्या बॅगेतून मेतकूट, गोडा मसाला आणि सर्पदंशावरच्या लसीच्या सहा बाटल्या पाठव. तू सत्तावीस वर्षं सापाचे रोगी बघितलेस, एखादा औषधवाला तुझा शब्द नक्की मोडणार नाही.

कारण सांगतो. माझ्याकडे रॅटलस्नेक आहे. खरा, जिवंत, चार फुटी, शेपटीला खुळखुळा असलेला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाजारात एका माणसाकडून घेतला. डायमंडबॅक जातीचा. इथे बव्हेरियात त्याला परवाना लागतो आणि तो सहसा मिळत नाही असं ऐकलं, म्हणून मागितलाच नाही. कॉलेजात असताना मी सर्पमित्र होतो हे तुला आठवतं ना? कोथरूड-वारज्यात शंभरावर नाग आणि घोणशी पकडून टेकडीवर सोडल्यात. त्यानंतरची अठरा वर्षं मी इथे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतोय. मला माझं एक काहीतरी हवं होतं.

विभावरीला माहीत नाही. आर्बाइट्सत्सिमरमध्ये, म्हणजे माझ्या कामाच्या खोलीत, ऑफिसचे सर्व्हर आहेत, ते गरम असतात, कुणी आत जायचं नाही, असं मी घरात सांगितलंय. तू तिला सांगू नकोस.

शिरीष


लांजा
१० एप्रिल

शिरीष,

आशीर्वाद देते, कारण तुला त्यांची फार गरज पडणार आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करतोयस. दुसऱ्यांदा तुझे वडील आठवले. त्यांनी तुझ्या शिक्षणासाठी जमीन विकली होती. बरं झालं, हे वाचायला ते नाहीत.

बाटल्या मिळणार नाहीत. मिळाल्या तरी त्यांचं तू लोणचं घालणार का? बाबा रे, आपली लस म्हणजे सर्वरोगहारक काढा नव्हे. चार सापांचं विष घोड्यांना थोडं थोडं टोचतात, घोड्यांच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो, तो गाळून बाटलीत भरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. या चौघांनाच ती ओळखते. तुझा अमेरिकन पाहुणा तिच्या ओळखीचा नाही. शंभर साप पकडणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं याचं मला नवल वाटत नाही. सर्पमित्रांना साप पकडता येतो आणि फोटो काढता येतो. पुढचं सगळं आम्ही निस्तरायचो.

आता विषाचं ऐक. विष ही सापाची लाळच, फक्त भलतीच सुधारलेली. तुझा खुळखुळेवाला घोणशीच्याच कुळातला. दात एरवी तोंडात दुमडून ठेवतो आणि चावताना चाकूच्या पात्यासारखे उघडतो. ते पोकळ असतात, इंजेक्शनच्या सुईसारखे. नाकाडोळ्यांच्या मध्ये दोन खळगे असतात, त्यांनी अंधारातही गरम उंदीर कुठे आहे ते कळतं. तुझा हातही त्याला गरम उंदीरच. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई चोळतो ना, तसं ते विष मांसाला आतून विरघळवायला लागतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती गळतात, हात टम्म सुजतो, काळानिळा पडतो. रक्त गोठवण्याचा जो माल शरीरात असतो तो सगळा संपतो, आणि मग हिरडीतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त यायला लागतं. हे मी घोणशीच्या रोग्यांत बघितलंय. वाचून सांगत नाही.

दोन गोष्टी कर. विभावरीला सांग. आणि त्या सापावरची लस तुझ्या आसपास कुठे ठेवलेली आहे, ते आजच विचारून कागदावर लिहून दारावर लाव. मी सध्या तिला कळवत नाही. हे तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे, त्या बिचारीला झोप लागावी म्हणून.

आत्या


न्युरेम्बर्ग
शनिवार, २० एप्रिल

आत्या,

तुझं पत्र म्हणजे अर्धं व्याख्यान आणि अर्धं श्राद्ध. तरी तीनदा वाचलं. तुला राग येतो तेव्हा तू छान लिहितेस.

पण तुझं सगळं ज्ञान लांज्याचं आहे हे विसरू नकोस. तुझ्याकडे माणूस यायचा तो आधी भगताकडे चार तास घालवून, शेणाचा लेप लावून. इथे ११२ फिरवला की आठ मिनिटांत रुग्णवाहिका दारात. लस कुठे असते ते बघतो, एवढी घाई नाही. माझ्याकडे हुक आहे, लांब चिमटा आहे, काचेच्या सरकत्या दाराला कुलूप आहे, खोलीला कुलूप आहे. दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात फ्रिजवर असतात, तिथे अन्वीचा हात पोचत नाही.

आणि हा साप सभ्य आहे. आपल्या मण्यारीसारखा चोरून अंथरुणात शिरत नाही. आधी खुळखुळा वाजवून सांगतो, अंतर ठेव. अन्वीने परवा जेवताना तो आवाज ऐकला. मराठीत विचारलं तरी ती जर्मनमध्येच उत्तर देते हे तुला माहीत आहे. म्हणाली, पापा, एस रासेल्ट, म्हणजे काहीतरी खुळखुळतंय. मी सांगितलं, सर्व्हरचा पंखा बिघडलाय. तिने मान डोलावली. नऊ वर्षांची आहे, पण पंख्यावर तिचा विश्वास बसला.

तू एकदा त्याला बघायला हवंस. पाठीवर चौकटी, आणि शेपटीवर कडी घातल्यासारखे पट्टे. पांढरे चांगले रुंद, मधले काळे अगदी बारीक. पुस्तकातल्या चित्रात काळे-पांढरे सारखे असतात, माझा त्याहून देखणा आहे.

विभावरीला सांगेन. मेमध्ये तिची परीक्षा आहे जर्मनची, ती होऊ दे.

शिरीष


लांजा
२४ एप्रिल

शिरीष,

परीक्षा होऊ दे, मग अन्वीची सुट्टी होऊ दे, मग तुझं थडगं होऊ दे. समजलं.

सभ्य साप ही नवीनच जात तू शोधलीस. खुळखुळा त्याच्या मनात आलं तर वाजतो. पायाखाली आलेला, दचकलेला, कात टाकायला आलेला साप वाजवत बसत नाही. मेलेल्या रॅटलस्नेकचं कापलेलं डोकंही तासभर चावू शकतं असं वाचलंय. जिवंतावर तू भरवसा ठेवतोस म्हणजे कमाल आहे. आणि माझ्या रोग्यांना हसू नकोस. ते भगताकडे जायचे कारण दवाखाना वीस किलोमीटरवर होता. तुझा दवाखाना जवळ आहे आणि तू तो कुठला हेसुद्धा विचारत नाहीस. तुमच्यात भगत कोण, ते तूच ठरव.

मधू आला की मेतकुटाच्या पिशवीत काचेच्या तीन परीक्षानळ्या आणि एक सिरिंज ठेवते. लस नाही, पण तुझ्यासारख्याला निदान शहाणपण पाठवावं. आमच्याकडे यंत्रं नव्हती तेव्हा हीच तपासणी होती, अजूनही खेड्यात हीच असते. शिरेतून दोन मिली रक्त काढायचं, कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही. मग एकदा आडवी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय. दह्यासारखं घट्ट बसलं तर गोठतंय. नळ्या साबणाने धुऊ नकोस, साबणाचा अंश राहिला तर उत्तर चुकतं.

चावला तर आधी तुझा तो ११२. नळी नंतर, आणि वाट बघताना वेळ जावा म्हणून. सूज आली नाही आणि रक्त घट्ट गोठलं, तर समज की सापाने तुला विष वाया घालवण्याच्या लायकीचंही मानलं नाही. कोरडा चावा म्हणतात त्याला. तुझ्या बाबतीत तेच शोभेल.

आत्या


न्युरेम्बर्ग
रविवार, २६ मे, दुपारी पावणेतीन

आत्या,

तू जिंकलीस आणि मीही जिंकलो. ऐक.

मधूने परवा पिशवी आणून दिली. मेतकूट भातावर घेतलं, नळ्या कपाटात ठेवल्या. आज सकाळी विभावरी अन्वीला घेऊन सायकलवर तळ्याकाठी गेली, मी सापाचं पाणी बदलायला घेतलं. चिमट्याने वाडगं उलटत होतं म्हणून हात घातला. साप लाकडाच्या ढलपीखाली आहे असं मला वाटलं. तो वाडग्यामागेच होता. खुळखुळा वाजलाच नाही, तुझ्या म्हणण्यासारखं. अकराला डाव्या अंगठ्याच्या बुडाशी दातांच्या दोन खुणा उमटल्या.

घाबरलो नाही. काच बंद केली, हात लाकडी पट्टीला बांधला, घड्याळ लावलं. वाट बघितली सुजेची. एक तास, दोन तास, काही नाही. थोडं झिणझिणतंय इतकंच. मग तुझी तपासणी केली. शीर सापडायला तीन वेळा टोचावं लागलं, पण दोन मिली निघालं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली. आत्या, दही. उलटी धरली तरी हललं नाही. खात्रीसाठी दुसऱ्या नळीत पुन्हा केलं, तेच. म्हणजे कोरडा चावा. तुझ्या शब्दांत, मी लायकीचा ठरलो नाही. एवढा आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता. ११२ ला बोलावलं असतं तर पोलीस, ऑर्डनुंग्सआम्ट म्हणजे इथली परवान्यांची कचेरी, दंड, विभावरीचं तोंड, हे सगळं टळलं. कचेऱ्यांची इतकी दारं ठोठावायची तर सापाने नीट चावायला तरी हवं होतं.

फक्त दमलोय. रात्री झोप झाली होती तरी पापण्या मिटतायत. पडद्यावरची अक्षरं दोन दोन दिसतात, चष्म्याचा नंबर बदलला असणार. मघाशी चहा पिताना घोट नाकात आला, हसू आलं म्हणून असेल. हे पत्र लिहायला पाऊण तास लागला. आता जरा पडतो. विभावरी पाचला येईल. तिला आज सांगायचं म्हणतोय, नाहीतर उद्या.

शिरीष


न्युरेम्बर्ग
रविवार, ९ जून

सुरेखाआत्यांना नमस्कार.

हे पत्र लिहायला मला दोन आठवडे लागले. पहिला आठवडा वेळ नव्हता, दुसरा आठवडा राग आवरत नव्हता. तो अजून आवरलेला नाही, तेव्हा काही कमी-जास्त लिहिलं तर समजून घ्या. किंवा नका घेऊ.

त्या दुपारी तळ्याकाठी तुमचा फोन आला. तुम्ही कधी फोन करत नाही, मला वाटलं तुम्हालाच काही झालं. तुम्ही एका दमात म्हणालात, "विभावरी, शिरीषला साप चावलाय, घरात साप आहे, त्याच्या पापण्या मिटतायत, आधी रुग्णवाहिका बोलाव आणि मग मला शिव्या दे." मी तिथूनच ११२ फिरवला आणि अन्वीला घेऊन सायकल मारत निघाले. पोचले तेव्हा दारात गाडी होती, शेजारच्या बाईंकडची आमची किल्ली घेऊन ते आत गेले होते. अहो सोफ्यावर होते. शुद्धीत होते, पण डोळे उघडत नव्हते आणि बोलणं बोबडं झालं होतं. श्वास वरवरचा चालला होता.

दवाखान्यात अहोंनी कागदावर लिहून दिलं, डायमंडबॅक. डॉक्टर हाताकडे बघत होते. सूज नाही, रक्त गोठतंय, तपासण्या नीट. डायमंडबॅकने विष टोचलं असतं तर एव्हाना हात दुप्पट झाला असता, म्हणून लस द्यावी की आणखी कशाने हे होतंय ते बघावं, यावर त्यांचा फोन दुसऱ्या शहरातल्या विषतज्ज्ञांशी चालू होता. मी फोन तुमच्याशी जोडून दिला. तुम्ही इंग्रजीत ओरडून सांगत होतात की ही सगळी मण्यारीची लक्षणं आहेत. त्यांना मण्यार म्हणजे काय ते कुठलं माहीत.

तेवढ्यात अन्वी बोलली. तिने पाठीवरच्या पिशवीतून चित्रकलेची वही काढली आणि नर्सला दाखवली. आत्या, तिच्या वहीत तो साप होता. पाच पानं. तिने पट्टे मोजले होते. पांढरे रुंद, काळे बारीक, आकडे घालून. डॉक्टरांनी फोटो काढून पाठवला, आणि दहा मिनिटांत पलीकडून उत्तर आलं की हा डायमंडबॅक नसावा, त्याच्यासारखा दिसणारा मोहावी रॅटलस्नेक असावा. त्याच्या काही सापांच्या विषात मांस सडवणारा भाग कमी आणि नसा बंद पाडणारा भाग जास्त. सूज येत नाही, रक्त गोठत राहतं. नसेच्या टोकाकडून स्नायूला निरोप जाणंच थांबतं, आधी पापणी, मग घसा, मग छाती. लस दोघांना एकच चालते, पण एकदा नसेचं टोक खराब झालं की लसीने ते दुरुस्त होत नाही, म्हणून तासाला किंमत. लस आली, दिली. तरी सहा दिवस श्वासाच्या यंत्रावर होते. आता घरी आहेत. उजवी पापणी अजून पडते. आपल्याकडच्या वनखात्यासारख्या इथल्या खात्याची माणसं साप घेऊन गेली, मागोमाग कचेरीची नोटीस आली.

आता माझं म्हणणं. अहोंची सगळी पत्रं मी वाचली, तुमचीही वाचली. तुम्ही सात आठवडे हे जाणून होतात. माझ्या झोपेसाठी गप्प बसलात असं तुम्ही लिहिलंय. मी त्या खोलीच्या भिंतीला लागून माझ्या मुलीला निजवत होते. तुमची टोमण्यांची भाषा फार सुंदर आहे, आणि त्यातलंच एक वाक्य धरून तो मनुष्य पावणेचार तास नळीकडे बघत बसला. तो मूर्ख आहे हे मला लग्नापासून माहीत आहे. तुम्ही डॉक्टर आहात.

अन्वी म्हणते ती स्टुलावर चढून किल्ली काढायची. पापा ऑफिसला आणि मी क्लासला असताना. फक्त बाहेरून बघायची म्हणते. चित्रांतलं एक पान सोबत स्कॅन करून पाठवतेय. तुम्हाला बघायचं असेल.

विभावरी


लांजा
१२ जून

शिरीष,

तुझ्या बायकोचं पत्र आलं. असं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तिने लिहिलेलं सगळं खरं आहे. तिला वेगळं उत्तर धाडलंय, त्यात एकही टोमणा नाही. चार ओळी लिहायला दुपार गेली.

तुला मात्र सवयीने लिहिते. तू तर मूर्ख आहेसच. पण मी सत्तावीस वर्षं मण्यारीचे रोगी बघितले. सकाळी पोट दुखतंय म्हणून यायचे, अंगावर खूण नाही, सूज नाही, आणि दुपारी पापणी उचलत नसायची. आम्ही रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देत तालुक्याला न्यायचो. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि तरी खुळखुळेवाला म्हणजे घोणशीचा भाऊ असं ठरवून मी तुला घोणशीची नळी पाठवली. तुला लांज्याचं ज्ञान म्हणून हसू नकोस सांगितलं आणि लांज्याचंच अर्धं ज्ञान मेतकुटाच्या पिशवीत घातलं. पट्टे रुंद आहेत हे तू स्वतःहून लिहिलं होतंस. पुस्तकातल्यासारखे नाहीत हेही लिहिलं होतंस. मी तिथे थांबले नाही, कारण पुढचा टोमणा सुचला होता.

आणि विभावरीच्या झोपेचं खोटं होतं. तुझं गुपित मी ठेवलं कारण चार वर्षांनी तुझी पत्रं यायला लागली होती. तिला सांगितलं असतं तर पत्रं थांबली असती. मला ती हवी होती. एवढंच कारण आहे, दुसरं काही शोधू नकोस.

आता तुझं एक काम. तुला वाचायला त्रास होतो म्हणे. पापणी बोटाने वर धर आणि विभावरीने पाठवलेलं चित्र बघ. मी ते काल दिवसभर भिंग घेऊन बघत होते. पोरीचा हात चांगला आहे, काही गाळत नाही. ढलपी काढलीय, पाण्याचं वाडगं काढलंय, दिव्याची वायर काढलीय. शेपटीचे पट्टे मोजून काढलेत, आणि ते बरोबर होते, त्यावरच तर डॉक्टरांना साप ओळखता आला.

मग काच बघ. सरकत्या काचेची कड तिने सापाच्या अर्ध्या अंगावरून खाली आणलीय. अर्धा साप काचेमागे आहे, म्हणून तो तिने फिकट रंगवलाय. डोक्याकडचा अर्धा गडद आहे. आणि कोपऱ्यात कुलूप आहे, किल्लीसकट. पट्ट्यांसारखंच नीट बघून काढलंय तिने. ते उघडं आहे.

तिला रागावू नकोस. जवळ घे आणि विचार. मराठीत विचार, जर्मनमध्ये सांगेल. पूर्ण ऐकून घे, मधे काही बोलू नकोस, आणि मग ते मला लिहू नकोस. विभावरीला सांग.

आत्या